सांभाळून घेणं

दुपारी साडेबाराला आमच्या कारखान्यात जेवणाचा भोंगा होतो. कटिंगच्या खोलीत काजू बी फोडायला पट्टा दाबणारे पाय थांबतात, बाकं मागे सरकतात, नळावर गर्दी होते. निवडीच्या लांब टेबलाशी एक बाई मात्र काम करत राहायची. डोक्यावर पांढरी टोपी, खाली घातलेली मान, समोर काजूगरांचा ढीग. शेजारणी उठल्या की टेबल हलायचं, त्यावरून तिला कळायचं. नाही हललं, तर कुणीतरी मागून जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचं आणि ती दचकायची. रोज दचकायची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

हे मी चार वर्षं पाहिलं. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीकडे जाताना आत वळलं की आमचा कारखाना लागतो. काजू बी विकत घ्यायची, वाफवायची, फोडायची, गर काढून सुकवायचा, साल काढायची, निवडायचा आणि डबे भरून पाठवायचे, असं काम. माणसं चौसष्ट, त्यांतल्या बायका सत्तेचाळीस. मी हिशेब लिहायला म्हणून लागले आणि आता व्यवस्था बघते. तिची निवड इतकी चोख, की तिच्या हातचा डबा मी पुन्हा तपासत नाही. निवडीत आकड्यांचे प्रकार असतात: डब्ल्यू-180, 210, 240, 320. एका पौंडात साधारण किती गर मावतात, त्याचा हा आकडा. 180 म्हणजे मोठा गर, 320 म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. 210 आणि 240 यांतला फरक मला अजून दोन गर तळहातावर घेतल्याशिवाय सांगता येत नाही. ती नुसत्या नजरेने वेगळे करते.

मग एक दिवस वायरमन मुलगा बॉयलरकडचं काही काम करायला आला होता. साडेबारा झाले, भोंगा झाला, ती खांद्यावरच्या हाताने दचकली आणि ते त्याने पाहिलं. मला म्हणाला, "मॅडम, भोंग्याच्याच वायरीवर एक लाल बल्ब टाकू? पेटला की दिसेल त्यांना." पाऊण तासाचं काम. टेबलासमोरच्या भिंतीवर बल्ब लागला. दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिने मान वर केली, बल्ब बघितला, टोपी काढली आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी उठली. शेजारची बाई गर मोजण्यात गुंतली होती. हिनेच तिच्या दंडाला हात लावून सांगितलं, वेळ झाली.

मी ऑफिसात जाऊन बसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

या चार वर्षांत मी तिच्याशी वाईट वागले नव्हते. उलट, आम्ही सगळे तिला फार सांभाळून घेतो, असं मला वाटायचं. कुणीही नवीन आलं की मी सांगायची, "तिला ऐकू येत नाही हं, जरा सांभाळून घ्या." हे शब्द मी किती मायेने बोलायची! आणि त्या मायेत चार वर्षं मला एक बल्ब सुचला नव्हता. आपण तिला सांभाळतो आहोत म्हणजे तिचं भागतंय, असं मी धरून चालले होते. आणखी काही हवं का, हे कधी विचारलंच नाही. विचारायचं कसं, हेही शिकले नव्हते. खुणांनी तिच्याशी बोलायला मी बल्बानंतर शिकायला लागले.

'सांभाळून घेणं' हा शब्द त्या दिवसापासून मला टोचतो. तो आपण कुठे वापरतो? मुलीची पाठवणी करताना आई विहिणीपुढे हात जोडून म्हणते, "लेकीला सांभाळून घ्या." भाषणाला नवखा उभा राहतो तो म्हणतो, "चुकलंमाकलं सांभाळून घ्या." म्हणणाऱ्याचे हात जोडलेले असतात. ज्याला म्हणायचं त्याचं घर, त्याचं व्यासपीठ, त्याची सत्ता. सांभाळून घेणाऱ्याला वाटलं तर घेईल, नाही वाटलं तर नाही. आणि घेतलं, की आयुष्यभर उपकार.

साधारण त्याच सुमारास माल घेणाऱ्या एका परदेशी व्यापाऱ्याकडून लांबलचक प्रश्नावली आली. हल्ली अशा याद्या येतात. कामाच्या जागी विविधता किती, समता किती, सगळ्यांना सामावून घेतलं जातं का, असं सगळं त्यांत विचारलेलं असतं. एक प्रश्न होता: आपल्याकडे कोणत्याही कारणाने भेदभाव होतो का? मी 'नाही'वर खूण केली. खरं वाटूनच केली. आपल्याकडे कोकणात हे वाक्य तोंडात तयारच असतं: 'आमच्यात नाय तसला काय.' त्याच प्रश्नावलीसाठी कामगारांची वाडीवार यादी करायची होती. ती करायला बसले आणि हात थांबला.

चौसष्ट माणसं अकरा वाड्यांतून येत होती. कारखान्याच्या फाटकापासून सगळ्यात जवळ जी वाडी आहे, जेमतेम दोन किलोमीटरवर, तिथून एकही नाही. ती बौद्धवाडी. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची, असा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, त्यानंतर ग्रामपंचायतीच्या कागदावर तिचं नाव बदललं. बोलताना सगळे जुन्याच नावाने बोलतात.

मी जुनी रजिस्टरं काढली. त्या वाडीतला कुणी आला आणि त्याला परत पाठवलं, असं नऊ वर्षांत एकदाही घडलेलं नाही. कुणी आलंच नव्हतं. का आलं नाही, याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे जागा रिकामी झाली की जाहिरात होत नाही, पाटी लागत नाही. मी कामावरच्या बाईला सांगते, "कोण असेल तर बघ गो." ती तिच्या जावेला सांगते, नणंदेला सांगते, शेजारणीला सांगते. आपल्या गावात शेजारीण म्हणजे भावकीतलीच असते. वाड्या तशाच वसलेल्या आहेत. दुसरी गोष्ट टेम्पोची. सकाळी सव्वासातला आमचा टेम्पो निघतो आणि ठरलेल्या थांब्यांवर बायकांना घेत येतो. तो या वाडीच्या फाट्यावरून रोज जातो आणि थांबत नाही, कारण तिथून कुणी यायचं नसतं. आणि तिथून कुणी यायचं नसतं, कारण टेम्पो थांबत नाही.

यात दोषी कोण, ते मला सांगता येईना. ड्रायव्हर त्याच्या यादीप्रमाणे थांबतो. बाई ओळखीच्या बाईला सांगते, हे साहजिक आहे. मी? मी तर फक्त 'बघ गो' म्हणाले होते. या अशा साध्या साध्या गोष्टींनी मिळून नऊ वर्षं एक अख्खी वाडी बाहेर ठेवली आणि आमच्यापैकी एकाचीही झोप उडाली नाही.

मी त्या वाडीत गेले. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होती. तिची सून बारावी झालेली, कुडाळच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, पहाटेची एसटी धरून. दोन किलोमीटरवर कारखाना असताना! मी विचारलं, आमच्याकडे कधी का आला नाहीत? ती सासूबाईच बोलली: "गाडी खंय थांबता ता माका म्हायत नाय होता, बाय. आणि कोणी बोलवूकच नाय." पाखडणं तिने थांबवलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, तरी मला मान वर करवेना.

मालकांशी बोलले. मालक भला माणूस आहे, हे मी मनापासून लिहिते. आजारपणात बायकांना त्यांनी स्वतःच्या गाडीतून सावंतवाडीला नेलेलं मी पाहिलं आहे. ते म्हणाले, "पण त्यांना कुणी अडवलंय का?" हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता. मला तेव्हा उत्तर आलं नाही. उत्तर रात्री आठवलं आणि ते याच किनारपट्टीवर, महाडला, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे.

ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर 1924 पासून कुणीच कुणाला अडवत नव्हतं. तरी तळ्याचं पाणी मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. हा इतिहास आमचा, आमच्या एसटीच्या रस्त्यावरचा. शाळेत मी तो मार्कांसाठी पाठ केला होता. 'अडवलं नाही' आणि 'वाट केली' यांच्यात केवढं अंतर असतं, हे मला टेम्पोचा मार्ग बदलताना कळलं.

टेम्पो आता तिथे जातो. पहिल्या महिन्यात दोघी आल्या, आता पाच जणी आहेत. कारखान्याच्या फाटकावर पाटी लागते, शिवाय जागा निघाली की ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि सगळ्या वाड्यांच्या बचतगटांना कळवते. हे सगळं सोपं होतं. जे सोपं नव्हतं तेही लिहायला हवं.

आमच्याकडे व्हरांड्यात पाण्याचा माठ आहे, त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. त्या दोघी कामाला लागल्यावर आठवड्याभरात आमच्या तीन जुन्या बायका घरून पाण्याची बाटली आणू लागल्या. कुणी काही बोललं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. बाटल्या आल्या, एवढंच. त्यांतली एक मला मावशीसारखी; माझ्या बाळंतपणात तिने मला डिंकाचे लाडू करून पाठवले होते. तिला विचारलं. ती म्हणाली, "माठातला थंड पाणी घशाक लागता गो हल्ली." आणि तिने नजर दुसरीकडे वळवली. नव्या दोघींनी ते पाहिलं असणार. त्यांनी ते आयुष्यभर पाहिलं आहे; मी आत्ता पाहिलं.

यावर काय करायचं, हे कुठल्याही प्रश्नावलीत लिहिलेलं नाही. अस्पृश्यता घटनेच्या 17 व्या कलमाने संपवली आहे, तो गुन्हा आहे, हे मी बैठकीत स्पष्ट सांगितलं. नवीन बायकांना पाण्यावरून, जागेवरून कुणी वेगळं वागवलं तर काम जाईल, हेही सांगितलं. पण घरून बाटली आणायला बंदी कशी करणार? तेव्हापासून मी ऑफिसातला पाण्याचा फिल्टर बंद ठेवला आहे आणि सगळ्यांसोबत त्या माठातलं पाणी पिते. मालकही पितात. दोन बाटल्या परत गेल्या. मावशीची अजून येते.

तिच्यावर रागवावं, इतकी मी दूरची नाही. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, आमच्या भागातल्या त्या काळच्या हजारो घरांतल्या आजोबांसारखे. साच्या खात्यात, म्हणजे विणकामाला. सुट्टीत गावी आले की खळ्यात बसून सांगायचे, "आमच्या खात्यात सगळी आपलीच माणसं. घरासारखं होतं." मी लहान होते, मला ते ऐकून फार छान वाटायचं. घामट उकाड्यातली ती गिरणी मला एखाद्या मोठ्या माजघरासारखी दिसायची. 'आपलीच माणसं' का होती, ते मला कितीतरी वर्षांनी वाचताना कळलं. सूत तुटलं की ते धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी साधनाच्या, भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, म्हणून दलित कामगारांना विणकामात घ्यायला सवर्ण कामगार तयार नसत. विणकामाला पगार जास्त. दलितांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच मुद्दा ठेवला, की सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क या कामगारांना मिळणार नसेल तर ते तुमच्या संपात का येतील? आजोबा गिरणीत लागले तेव्हा या मागणीला दहा वर्षं होत आली होती.

आजोबा प्रेमळ होते. दारात आलेल्याला ते उपाशी जाऊ देत नसत. त्यांनी कुणाला अडवलं असेल, असं मला वाटत नाही. अडवायची वेळच त्यांच्यावर कधी आली नसेल. घर आधीच भरलेलं होतं. म्हणून कुणी कामाच्या जागेला 'घरासारखं' म्हटलं की मी आता जरा थांबते. आमच्याही कारखान्यात हे वाक्य सतत बोललं जायचं. घरात कोण आधी जेवतं, कोण वाढतं, कुणाच्या नावावर जमीन असते, हे कोकणातल्या कुठल्याही सुनेला विचारावं.

हातमोज्यांचं सांगते, कारण ते मला सगळ्यात उशिरा कळलं. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, भाजल्यासारखी सोलवटते. बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांकडे बघून आमच्याकडे कुणीही ओळखतं, ही काजूवाली. पूर्वी राख चोळायच्या, आता तेल लावतात. आम्ही मोजे दिले होते. ते खुंटीला लटकलेले असायचे. 'बायका ऐकत नाहीत' असं मी मालकांना कितीदा सांगितलं असेल! शेवटी एकीने माझ्यापुढे दोन्ही हात धरले: "मोजे घातले की हात चलनत नाय, बाय. दिसाक दीड किलो कमी पडता." मजुरी किलोवर. म्हणजे मोजे फुकट होते, पण ते घालण्याची किंमत तिच्या पगारातून जात होती. आणि बॉयलरकडचे, पोती वाहणारे, ट्रक भरणारे गडी सगळे रोजंदारीवर. त्यांचा चहा लांबला, वीज गेली, तरी रोज तोच. वीज गेली की साल काढणाऱ्या बाईची मजुरी मात्र गेली.

समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा 1976 साली आला. आमच्या रजिस्टरात त्याचा भंग दिसला नसता, कारण आमच्याकडे बाई आणि पुरुष समान काम करतच नव्हते. वाटणी आधीच झालेली. एकाच कामाला दोन दर लावायची गरजच पडली नव्हती. या वर्षी आम्ही बी फोडणाऱ्या बायकांना ठरावीक रोज बांधून दिला आणि त्यावर किलोची भर ठेवली. मालकांना पटवायला मला सात महिने लागले. आकडे मांडावे लागले, कारण नुसत्या हातांचे फोटो पाहून ते गप्प व्हायचे, पण हिशेब बदलत नव्हता. त्यांची अडचण खोटी नाही. बाहेरून येणारी स्वस्त बी आणि पडणारा भाव यांत लहान कारखाने खरोखरच चेपले जातात. तरी मला वाटतं, तो दीड किलो इतकी वर्षं बायकांनी सोसला, आता तो थोडा आम्ही सोसावा.

मोजे आता खुंटीवरून उतरले आहेत.

यंत्राचंही असंच झालं. दोन वर्षांपूर्वी बी फोडायचं स्वयंचलित यंत्र आलं. ते चालवायला दोन मुलगे घेतले. दोघांनी जन्मात कधी काजू फोडला नव्हता. वीस वर्षं पायाने पट्टा दाबून, बी कुठल्या कुशीवर ठेवली तर गर अख्खा निघतो हे ज्यांच्या बोटांना ठाऊक, त्या बायकांतल्या काही साल काढायच्या खोलीत गेल्या. तिथे दर कमी. हा निर्णय कुणी घेतला? बैठक झाली नाही, कागद निघाला नाही. यंत्र म्हणजे मुलगे, हे सगळ्यांनी धरूनच चाललं आणि त्या सगळ्यांत मी होते. बाई असून होते. मे महिन्यात यंत्राला पाती नीट लागत नव्हती, तुकडा फार पडत होता. कटिंगमधली एक जुनी बाई दोन दिवस दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "माका मशीन शिकवशात?" ती आता शिकते आहे. पाती बसवायला तिला अजून वेळ लागतो, पण बी आकाराप्रमाणे आधी चाळून घेतली पाहिजे, हे तिनेच सांगितलं आणि तुकडा कमी झाला.

सुट्ट्यांचं पटकन मार्गी लागलं. गणपतीत पाच दिवस कारखाना बंद, तो राहणारच, त्यावर कुणाचं दुमत नाही. पण ईदला आमच्या दोघी मुस्लिम बायका आणि नाताळला चौघी ख्रिस्ती बायका 'पोट दुखतंय' सांगून रजा घ्यायच्या, आणि 14 एप्रिलला काय सांगावं, हे नव्या पाचजणींना कळत नव्हतं. आता प्रत्येकाला स्वतःच्या सणासाठी पसंतीच्या तीन भरपगारी सुट्ट्या आहेत. कारण विचारत नाही.

पाळणाघराबद्दल लिहायला मला संकोच वाटतो. तीसहून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं जुन्या कारखाने कायद्यात कधीचं लिहिलेलं होतं. आमच्याकडे गोदामाच्या आढ्याला साडीची झोळी बांधलेली असायची आणि आम्ही सगळे त्या झोळीचं कौतुक करायचो. आता खोली आहे, खिडकी आहे, बघायला एक बाई आहे. झोळी तीच आहे, मुलांना ती आवडते.

एक प्रसंग मात्र मी पटकन ओलांडू शकत नाही. साल काढणाऱ्यांतली एक तरुण मुलगी गोदामातून माल आणायला जायचं टाळायची. दुसरीला पाठवायची, स्वतः तिचं काम करायची. मी तिला कामचुकार समजले. एकदा सगळ्यांसमोर बोललेही. गोदामात एका माणसाचं वागणं कसं होतं, ते ती काम सोडून गेल्यावर, तिच्या मैत्रिणीकडून मला कळलं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, हा कायदा 2013 चा. आमची समिती होती. फाइलमध्ये होती. अध्यक्ष मी, आणि सदस्यांत मालकांच्या घरातली माणसं. त्या मुलीने कुणाकडे यायचं होतं? मालकांच्या वहिनींकडे? की तिला चारचौघांत बोलणाऱ्या माझ्याकडे? 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली, ती राजस्थानातल्या एका साथिनीवर, म्हणजे गावात काम करणाऱ्या सरकारी योजनेतल्या कार्यकर्तीवर, तिच्या कामामुळे झालेल्या अत्याचारानंतर. केवढी किंमत मोजून आलेला कायदा, आणि आम्ही तो पंच केलेल्या कागदासारखा फाइलला लावला होता.

तो माणूस आता आमच्याकडे नाही. समिती बदलली, साल काढणाऱ्या दोघी त्यात आहेत, बाहेरच्या सदस्य म्हणून स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एक ताई येतात, आणि मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, हे मराठीत आणि हिंदीत, नेपाळहून आलेल्या दोघांनाही वाचता येईल असं, भिंतीवर लावलं आहे. त्या मुलीच्या घरी मी गेले होते. तिने चहा दिला. परत कामावर ये म्हटलं, तर ती नाही म्हणाली, आणि तिने कारण दिलं नाही. ते मागायचा मला अधिकार नव्हता.

अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा मी त्या लाल बल्बानंतर वाचला. 1995 च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस आहेत. त्यात एक कल्पना आहे, मी तिला मराठीत 'वाजवी सोय' म्हणते. माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचा योग्य तो बदल, आणि तो नाकारणं हाच भेदभाव. मी ते वाक्य दोनदा वाचलं. सांभाळून घेण्यात हात जोडणारी व्यक्ती लागते. सोयीत ती लागत नाही. बल्ब कुणावर उपकार करत नाही, तो साडेबाराला पेटतो. तो आमच्या दुसऱ्या एका बाईलाही उपयोगी पडला, जिचं ऐकणं वयाने कमी झालंय आणि जिने ते लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. यंत्राच्या खोलीत आवाजात कुणालाच भोंगा ऐकू येत नाही. तिथेही आता बल्ब आहे.

पुढच्या वर्षीची प्रश्नावली परवा आली. भेदभावाच्या प्रश्नाला या वेळी खूण करायच्या चौकटीत मी काही लिहिलेलं नाही. शेजारी जागा थोडी होती, म्हणून वेगळा कागद जोडला आहे. माठाचंही लिहिलं आहे त्यात.

या जूनमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "बाय, पावसात त्या वाडयेच्या रस्त्यार गाडी रुततली. चार महिने फाट्यारच थांबवूया?" रस्ता खरंच वाईट आहे, लाल मातीचा, दोन्ही बाजूंनी पाणी येतं. फाट्यापासून वाडी दीड किलोमीटर. हो म्हणणं सोपं होतं आणि त्यात कुणाची चूकही दिसली नसती. आम्ही दोघं जाऊन रस्ता बघून आलो. रुतायची जागा एकच आहे, वहाळाजवळ, शंभरेक फुटांची. कारखान्याच्या कुंपणाचे उरलेले चिरे पडून होते. रविवारी टेम्पोने तीन खेपा केल्या. वाडीतले लोक घमेली घेऊन आले, आमच्या कटिंगमधल्या चौघी आल्या, आणि लाडू देणारी मावशीही आली, तिची बाटली घेऊन. चिरे फोडून आडवे बसवत गेलो. दुपारी तीनला आभाळ भरून आलं आणि काम थांबवावं लागलं. अजून चाळीस फूट राहिलं आहे.